नळीवरची गिटार
ओवाळणीच्या तबकातली वात विझल्याचा वास आला की मला माझी फजिती आठवते. भाऊबीजेला काष्टीला आमच्या घरी आलेल्या मेहुण्याचं कौतुक करायला गेलो आणि तोंडघशी पडलो. त्याचा पंक बँड होता. पहिल्या अल्बमच्या गोंगाटाने आमच्या म्हशीने पान्हा चोरला होता. दुसऱ्यात म्हणे कंट्री आणि ब्लूज असलं संथ, हळवं अमेरिकन संगीत मिसळलं होतं. ओवाळून झाल्यावर तो पाया पडायला उठला, तर बायको म्हणाली, "राहू दे." मग ओट्यावर त्याने माझ्या मोबाईलवर नवं गाणं लावलं. गिटार लांब हेल काढून रडत होती. मी म्हणालो, "आता कसं, बोटांना शिस्त लागली." त्याने डावा हात खिशातून काढला. दोन बोटं नव्हती. "सुप्याच्या कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेसमधी गेली, दाजी. उरलेली पळत न्हाईत, म्हनून करंगळीत लोखंडी नळी घालून तारंवर घासतो. ताईला सांगू नका." तो गेला तरी माझ्या मोबाईलवर तेच गाणं चालू होतं. बायको तबक घासायला बाहेर आली तसं मी ते घाईने बंद केलं आणि उगीच हसलो. ती म्हणाली, "बंद कशाला केलं? दारात चपला काढतानाच दिसला हुता मला हात. पाया पडायला दोन्ही लागत्यात, म्हनून अडवलं त्याला."