तंबूबाहेरच्या चपला

मंडळी, आज सिंगापूरला बेडोकमधल्या आमच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये चक्क तंबू उभा राहिला!

माझा धाकटा भाऊ अमेरिकेत आयोवातल्या एका खेड्याजवळ राहतो. जूनमध्ये आम्ही त्याच्याकडे जाणार आहोत आणि सगळ्यांनी मिळून तिथल्या तळ्याकाठी कॅम्पिंग करायचं ठरलंय. आमच्याकडे राहणाऱ्या आईचा व्हिसाही तयार आहे, पण तिचं आपलं एकच, "तुम्ही जा. मी खाली बसले की उठवायला क्रेन लागते."

आज सुट्टी, म्हणून रंगीत तालीम केली. फरशीत खुंट्या ठोकणार कुठे? नवऱ्याने एक दोरी सोफ्याला बांधली, दुसरी फ्रिजला. दुधासाठी फ्रिज उघडला की तंबू मान टाकायचा.

लेक आतून अस्सल सिंगापुरी ढंगात ओरडली, "आजी, कम इन लाह!" आईने नुसते हात झटकले.

मी चहा गाळून बाहेर आले, तर तंबूच्या तोंडाशी घरात घालायच्या आईच्या चपला, नीट जोडीने काढून ठेवलेल्या. आत आजी-नात खिदळतायत.

उठताना आम्ही दोघांनी हात दिला. क्रेन नाही लागली.

चहा पिता पिता आई हळूच म्हणाली, "काय गं, तिकडे रात्रभर चपला बाहेरच ठेवायच्या का? कोल्ह्याने पळवल्या तर सकाळी मी काय घालू?"

तिकडे कॅम्पिंग केलेल्यांनो, पटकन सांगा. मी तोवर आईचं तिकीट काढते.