नाशिककरांना विषण्णता नसते

मोबाइल अजून फक्त बोलण्यासाठीच वापरत, तेव्हाची ही गोष्ट. पुण्याहून निघताना माझ्या पर्समध्ये एक सीडी होती आणि तीत तरुणांच्या मनाविषयीचे प्रश्न. माणसापुढे गप्प बसणारी मुलं संगणकापुढे बोलतात का, हे आम्हाला पाहायचं होतं. "मुलं आली नाहीत तर प्रकल्प गुंडाळायचा," प्रकल्प चालवणाऱ्या सरांनी बजावलं होतं.

नाशिकला द्वारका चौकात उतरून रिक्षा केली. "इंदिरानगर, सायबर कॅफे," म्हटल्यावर रिक्षावाल्यानं विचारलं, "मुलाचा रिझल्ट का?" माझं लग्नही झालेलं नव्हतं.

कॅफेवाल्या भामरेंनी दारावर पाटी लावली होती : 'मेंदूची मोफत तपासणी'. त्यामुळे मुलं इस्त्रीचे कपडे घालून आली होती. एक आई मुलाला पुढे ढकलत म्हणाली, "पास झाला तर नोकरी कुठं?"

दुपारपर्यंत सगळ्यांची उत्तरं एकच : 'कधीच नाही'. कुणाची झोप उडत नव्हती, कुणाला विषण्णता नव्हती. शेवटी पल्लवी नावाची मुलगी म्हणाली, "ताई, विषण्णता म्हणजे काय? आम्हाला वाटलं, रोग हे. म्हणून नाय म्हणून टाकलं."

"मग तुम्ही काय म्हणता?"

"डोकं जाम होतं."

सगळ्यांना घेऊन मी मिसळ खायला गेले. तर्रीनं (वर तरंगणाऱ्या तिखट तेलानं) माझ्या डोळ्यांना धारा लागल्या. प्रकल्प बुडाला म्हणून मी रडतेय असं समजून मुलांनी घाईघाईनं सगळे प्रश्न आपल्या भाषेत करून दिले.

संध्याकाळी मुलांच्या भाषेतले प्रश्न पडद्याशेजारी चिकटवून पुन्हा बसलो. या वेळी कॅफेत शांतता होती. सगळे उठले तरी सटाण्याचा योगेश (नाव बदललंय) उठेना. पडद्यावर शेवटची ओळ होती : 'धन्यवाद. आपण बाहेर पडू शकता.'

"मॅडम," तो हळूच म्हणाला, "मना जीव लागत नही (माझं कशातच मन लागत नाही). कुणालाच सांगितलं नव्हतं. याला सांगितलं, तर हा म्हणतो, बाहेर पड."

मला हसू आलं नाही. खुर्ची ओढून मी शेजारी बसले. तो पहिल्या वर्षाला नापास झाला होता, घरी माहीत नव्हतं, आणि खोलीवर तो दिवसदिवस पडून असायचा. उत्तरं मोजायला मी शिकले होते, पण पुढे काय करायचं ते नाही. नाशिकमध्येच समुपदेशन करणाऱ्या मैत्रिणीला फोन लावला. "आत्ताच आण," ती म्हणाली. पल्लवी न विचारता रिक्षात बसली.

बऱ्याच वेळानं तो मैत्रिणीच्या खोलीतून बाहेर आला. "पुढच्या आठवड्यात परत बोलावलंय," म्हणाला, आणि मग, "भूक लागली."

पुण्यात सरांनी विचारलं, "मुलं बोलली?"

"बोलली. ऐकायला आपण कुणी ठेवलंच नव्हतं."

पुढच्या खेपेला सीडी नवी होती आणि मैत्रीण माझ्यासोबत होती. शेवटची ओळ पल्लवीनं लिहून दिली होती : 'जड वाटत असेल तर लगेच जाऊ नका. बाहेर ताई बसल्यात.'