कापसातली कासवं

दारव्ह्याच्या जीप स्टँडवर पंक्चर काढणारा तो माणूस मला रोज दिसायचा. नाव कधी विचारलं नाही. त्या हिवाळ्यात कापसाला भाव नव्हता, घरोघरी तो पडून होता. त्याच कापसाची गादी टोपल्यात करून त्यानं बांधावर सापडलेली कासवाची पिल्लं ठेवली होती. हातातलं काम टाकून तो एकेकाच्या तोंडाशी पाण्याचा थेंब धरायचा. पिल्लं डोळेसुद्धा उघडत नव्हती.

एका सकाळी टोपलं रिकामं दिसलं. तो आपणहून म्हणाला, "थंडी लागन म्हून कापसात ठेवले जी. कापसानं त्यायच्या अंगातलं पानी पेऊन टाकलं. ओली माती पाह्यजे होती, ते तं पायाखालीच होती."

मग त्यानं एक ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात दाबली आणि बुडबुड्याची वाट पाहत राहिला. एकही आला नाही.