एका बैलाचं घर

वैशाखात स्वारगेटहून एसटी सुटली तेव्हा माझ्याजवळ एक पिशवी, गुडघ्याच्या तेलाची बाटली आणि धाकट्या बहिणीसाठी आंबा बर्फीचा पुडा होता. मुलगा म्हणाला होता, आबा, आठ दिवसांत परत याल. म्हणून मी त्याला वर्ष सांगितलं. एकदा तोंडातून गेलं ते गेलं.

आज कर्वेनगरला आमची सोसायटी आहे तिथं माझ्या वडिलांची ज्वारी उभी असायची. चौथीतून मला काढलं ते नांगरामागं चालायला. जमीन गेली, पण मी अजून स्वतःला शेतकरीच म्हणवतो. कुणी विचारलं नाही तरी.

कात्रजचा बोगदा, मग नसरापूर, मग वेल्ह्याकडचा रस्ता. उतरल्यावर अर्धा तास चढण. तीन वेळा बसलो. बहिणीचे, यमुनाचे, यजमान गेल्या दिवाळीत वारले, तिचा मुलगा चाकणला कंपनीत, म्हणून शेती बघायला मी. घर, गोठा, दोन शेळ्या, उतरणीवर सात खाचरं (बांध घालून पाणी अडवलेली भातशेतं) आणि एकच बैल. नांगराला दोन लागतात. दुसरा शेजारच्या नथूचा. त्याच्याकडंही एकच. जोडी करून आळीपाळीनं दोघांची शेतं नांगरायची, याला तिकडं वारंगुळा म्हणतात. यंत्र त्या खाचरांपर्यंत चढत नाही.

आषाढात चिखलणी (साचलेल्या पाण्यात नांगर फिरवून चिखल करणं) निघाली. नथूची खाचरं आधी झाली होती, त्यानं सकाळीच बैल पाठवला. यमुना न्याहारीला सांगत होती, दादा, आपला बैल डाव्या अंगाला लागतो. मी म्हटलं, मला शिकवू नकोस. आमच्या घरचा बैल कायम उजवीकडं असायचा, त्यात मान होता. मी तिचा उजवीकडं जुंपला.

बैल ठरल्या बाजूलाच चालतो. बाजू बदलली की त्याला काही सुधरत नाही. दोघं एकमेकांवर रेलले, फिरले, बांध फोडून खाली गेले. खाचरातलं सगळं पाणी त्यांच्या मागं. मी चिखलात बसलेला. लावणीच्या बायका बांधावर उभ्या. तेवढ्यात नथू आला.

"पाव्हणं," तो म्हणाला, "पुण्यात डावं-उजवं बदललं काय?"

बायका हसल्या. मी म्हणालो, "तुझा बैल घेऊन जा. आम्हाला नको."

त्यानं बैल सोडला आणि नेला.

दुसऱ्या दिवसापासून मी कुदळ घेतली. पाच दिवसांत एक खाचर आणि दुसऱ्याचा कोपरा झाला. गुडघा भोपळ्याएवढा सुजला. आसपासच्या शेतांत लावणी उरकत आली होती आणि आमच्या वाफ्यातली रोपं पिवळी पडायला लागली होती. रोप वयात आल्यावर लावलं नाही तर भात धरत नाही, आणि वर्षाचं खाणं त्याच भाताचं. यमुना रोज नाचणीची भाकरी आणि कुर्डूची भाजी (पावसाळी रानभाजी) बांधावर आणून द्यायची. सहाव्या दिवशी म्हणाली,

"दादा, तू पुण्याला जाशील. मला हितंच ऱ्हायाचं हाय. नथूभावजींच्या शेजारी."

भाकरी तशीच फडक्यात बांधली आणि लंगडत नथूच्या गोठ्यावर गेलो. तो बैलाला गवत टाकत होता. त्यानं बस म्हटलं नाही. माफी मागायची सवय मला नाही.

"नथू," मी म्हणालो, "तुझा बैल कुठल्या अंगाला लागतो?"

त्यानं आणखी गवत टाकलं. "उजव्या."

"आणि आमचा?"

"डाव्या. वहिनीनं सांगितलं नव्हतं?"

"सांगितलं होतं."

तो गवताचे हात झटकून निघाला. "चला. आदी त्यो बांध घालू."

आमची लावणी सगळ्यांच्या शेवटी झाली. पीकही थोडं कमीच आलं. कार्तिकात कापणी, मग खळ्यावर झोडपणी, थंडीत पावट्याच्या शेंगा. फाल्गुनात पालापाचोळा आणि शेण पसरून पुढच्या रोपांची जागा भाजायची. धुरानं डोळे चुरचुरायचे. दर महिन्याला वाटायचं, जावं घरी. पण मुलाला वर्ष सांगितलं होतं. खरं सांगायचं तर वर्षभर मी दमलोच होतो.

वैशाखात परतलो. एसटीपर्यंत पिशवी नथूनं आणली. कात्रज उतरताना इमारती दिसू लागल्या आणि मला बरं वाटलं, हे लपवत नाही. लिफ्टमध्ये कुणी विचारलं, आबा, कशी झाली शेती? मी म्हटलं, बहिणीनं केली.

आषाढात यमुनाचा फोन आला. चिखलणी झाली, रोपं हिरवी आहेत. नथू न बोलावता बैल घेऊन आला होता. त्याचा निरोप होता: "पाव्हण्यांना सांगा, तुमचा बैल डावीकडंच जुंपलाय."

फोन ठेवला आणि गुडघ्याला तेल चोळत बसलो.