एदुविनाचं बंद पाकीट

एदुविना कोल्केनं सहा वर्षं डूख धरला होता, आणि तो तिला चांगला मानवलाही होता.

तोकोनाओ गावची ही बाई चिलीतल्या आताकामाच्या वाळवंटात, पाच हजार मीटरवरच्या दुर्बिणीवर तंत्रज्ञ होती. डॉक्टर मंडळी, म्हणजे शास्त्रज्ञ, वर आली की नाकात प्राणवायूची नळी खुपसून बसत. ही विरळ हवेत दम टिकावा म्हणून गालात कोकाची पानं धरून शिडी चढे. विश्वाच्या बालपणाची जी ऊब आकाशात अजून उरली आहे, तिचा नकाशा ही दुर्बीण काढायची. त्यात मधूनच बारीक तेजस्वी ठिपके येत, ते घाण म्हणून पुसून टाकत.

सहा वर्षांपूर्वी एदुविनानं असा एक ठिपका महिनाभर न्याहाळला, उपकरण उघडून तपासलं आणि सांगितलं, "डॉक्टर, ही घाण नाही. रोज त्याच जागी दिसतोय. आकाशातलाच आहे हा." तो ठिपका म्हणजे अगदी सुरुवातीच्या काळातली, धुळीनं भरलेली दीर्घिका निघाली. प्रमुख डॉ. बास्तियासनी तो शोध खुशाल स्वतःच्या नावावर छापला. हिला शेवटी आभारात जागा मिळाली: 'तळावरील कर्मचारी'. नावसुद्धा नाही. मेल्याला दोन शब्द जड झाले!

दुर्बिणीवर एक रीत होती. शोधणाऱ्यांची नजर पारखायला नकाशात काही खोटे ठिपके पेरायचे आणि त्यांच्या जागा लिहून पाकीट बंद करायचं. शोध जाहीर करण्याआधी प्रमुखानं पाकीट मागायचं. तोवर पेरणाऱ्यानं चकार शब्द काढायचा नाही. यंदा हे काम बास्तियासनीच एदुविनाला दिलं. "तिला त्यातलं काय कळतंय?" म्हणाले.

मार्चमध्ये त्यांना 'सर्वांत जुनी दीर्घिका' सापडली. एदुविना तीन आठवडे खिशात पाकीट घेऊन त्यांच्या टेबलासमोरून ये-जा करत राहिली. त्यांनी फक्त चहा मागितला.

पत्रकारांना खाली सान पेद्रो गावातल्या तळावर बोलावलं, एम्पानादा, म्हणजे तिथल्या खाऱ्या करंज्या, तळल्या. ड्रायव्हर निकानोर तिच्या कानाशी लागला, "एदुबाई, मागितलं का गं पाकीट?"

"नाही."

"अगं, मग सांग की जाऊन!"

"नियम आहे, बाबा. मागितल्याशिवाय तोंड उघडायचं नाही." इतक्या आनंदानं तिनं आयुष्यात कुठला नियम पाळला नव्हता.

बास्तियासनी दीर्घिकेला स्वतःचं आडनाव देऊन टाकलं. टाळ्या थांबल्यावर एका म्हाताऱ्या पत्रकार बाईनं विचारलं, "आणि पाकीट उघडलंत ना?"

"ते काय, उपचार असतो," ते हसले. "एदुविना, आण गं ते."

तिनं आणलं. पहिल्याच ओळीत त्यांच्या दीर्घिकेचीच जागा लिहिलेली वाचून त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

"आधी का नाही सांगितलंस?" ते दबक्या आवाजात म्हणाले.

"तुम्ही मागितलंत कुठं? खाली अजून लिहिलंय, डॉक्टर. मोठ्यानं वाचा."

ते कागदाची घडी घालू लागले. मग त्या पत्रकार बाईनं कागद त्यांच्या हातातून घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं: "हा सहा वर्षांपूर्वीचाच ठिपका आहे, उलटा करून दुप्पट उजळ केलेला. तो ज्यानं खरोखर शोधला, तो माणूस याला एका नजरेत ओळखेल."

"खाली सही कुणाची?" मागून कुणीतरी विचारलं.

बाईनं चष्मा सारखा केला. "तळावरील कर्मचारी."