दोरीची मोटर

वाशीम जिल्ह्यात मोटर म्हटलं की माणसाच्या डोळ्यांपुढे विहीर येते. त्यामुळे इंझोरीकडच्या जानरावांनी मोटर घ्यायचं काढलंय ही बातमी गावात फिरली, तेव्हा पहिला प्रश्न आला, "बोरले पानी किती फुटावर लागलं?" डोंग्याला मागून लावायची मोटर असते, ती पाण्यात पंखा फिरवते आणि डोंगा पुढे जातो, हे जानरावांनी दोघा-चौघांना समजावून सांगितलं. पुढच्याला सांगायचा त्यांना कंटाळा आला, कारण मुळात ते बोलायचेच कमी. मग त्याला भागिरथाबाईंनी सांगितलं, पण अशा पडलेल्या आवाजात की ऐकणाऱ्याला वाटावं, या घरात मोटर येते आहे की सवत.

भागिरथाबाई म्हणजे जानरावांच्या पत्नी. बुटक्या, काटक, उन्हाने करपलेल्या. त्यांचे दंड मात्र गावातल्या कुणा पहिलवानाने लाजावं असे. धरणाच्या पाण्यावर त्या वल्हं मारायच्या. जानराव पुढच्या टोकाला बसून जाळं सोडणार आणि ओढणार, बाई मागच्या टोकाला बसून डोंगा चालवणार, अशी त्यांची वाटणी होती. आणि अडचण नेमकी इथंच होती. डोंग्याची मोटर बसते मागच्या टोकाला.

बाई डोंग्यात आल्या तीही एक गंमतच आहे. धरणाने शेत घेतलं तेव्हा जानराव मच्छीमार सोसायटीचे सभासद झाले आणि एका सोबत्याबरोबर मासे धरू लागले. सोबती एके दिवशी कामाच्या शोधात सुरतेला गेला तो गेलाच. दुसरा कुणी मिळेना. शेवटी बाई म्हणाल्या, "मी येते." सोसायटीच्या झोपडीत बसलेल्या माणसांनी कपाळाला आठ्या घातल्या. बाई डोंग्यात बसली की मासोळी तळाला जाते म्हणे! पहिल्या दिवशी जाळं रिकामं आलं, तेव्हा ही मंडळी नुसत्या माना डोलावत बसली. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या खेपेला मात्र असा कतला लागला की तो आत घेताना डोंगा कलंडायचा राहिला. वजनकाटा एका बाजूला आणि सोसायटीची झोपडी दुसऱ्या बाजूला, तरी भागिरथाबाई तो मासा खांद्यावर टाकून आधी झोपडीवरून गेल्या. त्यानंतर मासोळी तळाला गेल्याचं कुणी बोललं नाही.

पण बाईंना पाण्याची ओढ होती ती काही माशांसाठी नव्हती. ती होती जानरावांसाठी. हा माणूस जमिनीवर मुका आणि पाण्यावर बोलका. घरी दोन खोल्या, पातळ भिंती, सदा कुणीतरी आलेलं-गेलेलं. तिथं जानराव 'हं' आणि 'नाई' यांवर दिवस काढत. काठ सोडून डोंगा आत गेला, मागचा आवाज विरला, की गडी बोलायला लागे. लहानपणी गेलेल्या भावाचं, कामावरच्या भांडणाचं, मनात डाचणाऱ्या कुठल्याही गोष्टीचं. मोठी मुलगी सपना सासरचा छळ सोसवेना म्हणून एका पिशवीनिशी घरी आली, तेव्हा सगळे नातेवाईक बोलले, फक्त बाप बोलला नाही. बाईंचा जीव टांगणीला लागला होता. दुसऱ्या दिवशी पाण्याच्या मधोमध जानराव म्हणाले, "पोरीले मी वापस नाई पाठवत. लोकाईले जे बोलाचं ते बोलू दे." बाईंनी वल्हं सोडलं आणि पोटभर रडून घेतलं. ती सपना आज मानोऱ्याला दवाखान्यात नर्स आहे. या घराचे सगळे मोठे निर्णय त्या डोंग्यात झालेले आहेत, आणि बाईंना ते चांगलं ठाऊक होतं.

मग मोटरीचं खूळ आलं कुठून? तर मागच्या पावसाळ्यात जानराव काठावरच्या चिखलात घसरले आणि उजव्या खांद्यावर पडले. हाड मोडलं नाही, पण खांदा धरला तो धरलाच. हात छातीच्या वर जाईना. पूर्वी लांबच्या पल्ल्याला तेही दुसरं वल्हं घ्यायचे, ते सुटलं. दोघांचा भार एकट्या बाईंवर आला. रविवारी मुलगा अनुप वाशीमहून आला. तो तिथं नोकरीला आहे. त्याने आईचे तळहात पाहिले आणि तो कळवळला.

"बाबा, बॅटरीची मोटर घ्या," तो मोबाइलवर व्हिडिओ दाखवत म्हणाला. "बटन दाबलं का चालू. एकटा मानूस डोंगा नेते. पैशाचं मी पाह्यतो. मायनं आता बस झालं, मायले आराम करू द्या."

चुलीपाशी भाकर थापणाऱ्या बाईंचा हात थांबला. पोरगं तोऱ्यात बोललं असतं तर त्याला दोन शब्द सुनावता आले असते. ते मायेनं बोलत होतं, हीच पंचाईत होती. मायेला उत्तर काय द्यायचं? त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. नवरा म्हणाला, "हं."

त्या 'हं'चा अर्थ लावण्यात बाईंचा तो आठवडा गेला. त्या पाण्यावर विचारू शकल्या असत्या, पण विचारलं नाही. उत्तर 'व्हय' आलं तर काय करायचं, याची भीती वाटली. काठावर बसून आपण काय करणार, हे त्यांना दिसत होतं. सून धम्मदीपा फोनवर म्हणाली होती तसं टीव्ही पाहायचा, आणि हा माणूस संध्याकाळी मासे घेऊन येईल व 'हं' म्हणेल. पुढचं सगळं आयुष्य एका 'हं'वर काढायचं, या विचाराने त्यांना अन्न गोड लागेना.

मोटर घ्यायला वाशीमला जायचं ठरलं तेव्हा पलीकडच्या काठावरच्या तांड्यातला सेवालाल आपणहून बरोबर निघाला. तोही मासे धरायचा आणि मोटरीतला तज्ज्ञ समजला जायचा. कारण त्याने गवत कापायच्या मशीनला पंखा जोडून आपल्या डोंग्याला लावला होता. तो पंखा पहिल्याच दिवशी त्याच्या स्वतःच्या जाळ्यात शिरला आणि गडी दिवसभर पाण्यात बसून दोरा उलगडत राहिला. पण मोटर बिघडवलेला माणूस तो एकटाच होता, तेव्हा अनुभवी म्हणायचं तर त्यालाच.

"तूबी चाल," जानराव बायकोला म्हणाले. बाईंनी ठेवणीतलं लुगडं नेसलं. आपली जागा जाताना निदान डोळ्यांनी पाहावी, असं काहीसं त्यांच्या मनात होतं.

गोपीचंदचं दुकान फवारणी पंप आणि गवत कापायच्या मशीनचं. डोंग्याच्या मोटरी त्याने बाहेरून मागवल्या होत्या, दोन तऱ्हेच्या, दोन्ही लहान, किमतीत फारसा फरक नाही. वाशीमच्या भर बाजारात पाणी कुठून आणायचं, म्हणून त्याने दुकानासमोर निळा प्लॅस्टिकचा ड्रम काठोकाठ भरून ठेवला होता. ड्रमच्या कडेला फळी बांधली होती आणि फळीला मोटर अडकवायची. जाणारे-येणारे थांबले. पानटपरीवरचे उठून आले.

पहिली बॅटरीची. गोपीचंदने बटण दाबलं. ड्रममधलं पाणी गोल फिरू लागलं, एवढंच. आवाज नाही, धूर नाही.

"हे तं मुकी हाये," सेवालाल म्हणाला.

भागिरथाबाईंना ती ओळखीची वाटली. असला एक नग त्यांच्या घरी होताच.

"लाइन गेली तं बॅटरी कशी भराव?" सेवालालने तज्ज्ञाला शोभेल असं विचारलं.

"लाइन येते तवा भराची," गोपीचंद म्हणाला. "बाबाले बेस हाये. हलकी हाये, एका हातानं उचला, बटन दाबा, चालले."

मग दुसरी, पेट्रोलची. हिला दोरी होती. ती हिसका देऊन ओढायची, मग इंजिन पेटतं. गोपीचंदने ओढली, परत ओढली, आणि ती अशी गर्जली की ड्रमातलं अर्धं पाणी बाहेर आलं आणि सेवालालची नवी पँट गुडघ्यापर्यंत भिजली. बघे खूश झाले. मोटर बंद झाल्यावर गोपीचंदने ड्रम परत भरला आणि जानरावांना म्हणाला, "पाहा ओढून."

जानराव पुढे झाले. उजवा हात दोरीपर्यंत गेला, पण मागे येईना. त्यांनी डाव्याने धरली आणि ओढली. मोटर नुसती फुसफुसली. पुन्हा ओढली. पुन्हा तेच. टपरीवरचा कुणीतरी हसला. जानरावांच्या कपाळावर घाम आला आणि ते तिसऱ्यांदा वाकले.

बाईंना ते पाहवेना. ज्या माणसाला भरलेलं जाळं एकट्याने ओढताना त्यांनी पाहिलं होतं, तो चार रिकामटेकड्यांपुढे एका दोरीशी झुंजत होता. आठवडाभर मनात घोळवलेलं सगळं त्या क्षणी बाजूला पडलं. आपली जागा गेली तर जाऊ दे, पण या माणसाचं हसं होऊ नये, असं त्यांना वाटलं आणि त्या पुढे होऊन म्हणाल्या, "राहू द्या. बटनाची घ्या. तुमाले सोपी पडते."

बोलून गेल्यावर त्यांच्या ध्यानात आलं. मुलाने जे मागितलं होतं ते त्यांनी स्वतःच्या तोंडाने देऊन टाकलं होतं.

गोपीचंद फळीवरची मोटर सोडायला लागला. जानराव सरळ उभे राहिले. त्यांनी घाम पुसला आणि बायकोकडे पाहिलं.

"थांब," ते गोपीचंदला म्हणाले. "इले ओढू दे."

"मी कायले ओढू?" बाई म्हणाल्या.

"ओढ तं."

बाजारात इतक्या माणसांदेखत, ठेवणीतल्या लुगड्यावर! पण नवरा कधी नव्हे ते बाजारात दोन शब्दांच्या वर बोलला होता. बाईंनी पदर खोचला, एक पाय ड्रमला टेकवला आणि वल्हं ओढतात तशी कमरेतून दोरी ओढली. एकाच हिसक्यात मोटर पेटली. या वेळी गोपीचंद भिजला.

आवाज बंद होईपर्यंत जानराव थांबले. मग म्हणाले, "हेच बांध."

"बाबा, पन तुमच्याच्यानं तं हे चालू होत नाई," गोपीचंद तोंड पुसत म्हणाला.

"माह्याच्यानं नाई होत. इच्यानं होते."

"आन एखाद्या दिवशी मावशी नसल्या तं?"

"तं मी नाई जात पान्यावर," जानराव म्हणाले. त्यात त्यांना काही विशेष बोललो असं वाटलेलं दिसलं नाही. बाई मात्र ड्रमकडे तोंड करून बराच वेळ हात धूत राहिल्या.

परतीच्या बसमध्ये मोटर गोणपाटात गुंडाळून दोघांच्या पायांशी ठेवली होती. सेवालाल पुढच्या सीटवर झोपला. बाईंनी हळूच विचारलं, "काहून घेतली हे?"

जानरावांनी आधी सेवालालकडे, मग मागच्या सीटवरच्या माणसांकडे पाहिलं. "पान्यावर सांगतो," ते म्हणाले.

संध्याकाळी अनुपचा फोन आला. दोरीची घेतली हे ऐकून तो चिडला. बाबा, तुमाले बटनाची सांगतली होती, तुमी हे काहून घेतली? जानराव म्हणाले, "ते मुकी होती," आणि फोन बाईंकडे दिला.

सकाळी दोघांनी मिळून मोटर डोंग्याच्या मागच्या टोकाला बसवली. बाई तिच्या बाजूला, नेहमीच्याच फळीवर बसल्या. वल्हं त्यांनी सवयीने तळाशी टाकून ठेवलं होतं. दोरी ओढली, मोटर गर्जली, आणि डोंगा असा सुटला की काठावरचे बगळे उडाले. बाईंना हसू आवरेना. इतक्या वर्षांत त्या एवढ्या वेगाने कधी कुठे गेल्या नव्हत्या.

काठ मागे पडला तसे जानराव वळून बसले आणि त्यांचं तोंड हलू लागलं.

"काय?" बाई ओरडल्या.

ते पुन्हा काही बोलले. मोटरीपुढे एक अक्षर ऐकू येईना. ते आणखी मोठ्याने बोलले, हात हलवले. जन्मात ज्याने आवाज चढवला नाही तो माणूस लालबुंद होऊन ओरडत होता आणि ऐकू काहीच येत नव्हतं. मग ते एकदम थांबले. त्यांनी मोटरीकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा असा उतरला की बाईंना सगळं समजलं. या बाबाने सगळा विचार केला होता, फक्त आवाजाचा केला नव्हता.

बाईंनी मोटर बंद केली. मागून आलेल्या लाटेने डोंगा थोडा हलला आणि सगळीकडे शांत झालं.

"हं," त्या म्हणाल्या. "बोला आता."

जानराव थोडे शरमले. "काई नाई," ते म्हणाले. "तू काल इचारलं होतं ना, काहून घेतली मनून. तू नसली तं मी बोलू कोनासंगं?"

बाईंनी पदराने डोळे पुसले. मग वाकून तळातलं वल्हं उचललं.

"मोटर तापली असन," त्या म्हणाल्या. "जराशी थंडी होऊ द्या." आणि त्या वल्हं मारू लागल्या. जाळं सोडायची जागा अजून बरीच लांब होती.