सासऱ्यांच्या वाडीतली धावपट्टी

राग वाईट, हे मला आजवर सगळ्यांनी सांगून झालंय. तरी माझ्या सासरच्या गावी, गासच्या देवळासमोर मी जे करून बसलो ते ऐकाच, आणि हसायचं तर पोटभर हसा.

मी राहतो विरारला, फुलपाड्यात. नोकरी नकाशे काढण्याची. आणि हौस? लढाऊ विमानांची! तीही कधी न बनलेल्या! दुसरं महायुद्ध आपल्या किनाऱ्याला येऊन भिडलं असतं, तर वसईकरांनी कसलं विमान बांधलं असतं? तीन महिने डोकं खपवून मी ते काढलं. धातू मिळत नाही, म्हणून अंग सागवानी. शत्रूला वरून दिसू नये म्हणून ते केळीच्या बागेत लपवायचं, त्यासाठी पंख दुमडणारे. बाजूला नकाशा, नकाशात धावपट्टी. सरळ जमीन गासला सापडली, तिथेच आखली. ती माझ्या सासऱ्यांच्या वाडीतून जात होती, पण युद्धात वाडी कोण बघतो? खाली बारीक अक्षरांत 'काल्पनिक' आणि शेजारी ठसठशीत माझं नाव. दिलं सासरच्या ग्रुपवर टाकून.

रविवारी बायको म्हणाली, तुमचं चित्र गासच्या देवळाच्या फळ्यावर लागलंय. मी इस्त्रीचा शर्ट चढवला. सत्कार झाला तर?

पोचलो तर शंभरेक माणसं जमलेली. फळ्याजवळ गेलो आणि माझं डोकंच फिरलं. चित्राची खालची पट्टी कात्रीने कापलेली. नाव गायब! अहो, मरमर राबायचं आम्ही, आणि नाव उडवायचं कुणी भलत्यानेच? लोकांचे चेहरे कसे आहेत ते बघायची शुद्ध कोणाला होती!

"माझं नाव कोणी कापलं?" मी ओरडलो. "हे मी काढलंय!"

पुढे बसलेल्या एका म्हातारीने विचारलं, "आमच्या शेतातून हा रस्ता तू काढलास?"

"रस्ता नाही, धावपट्टी! मीच काढली."

"कोनी सांगितलेलं?"

"कोणी कशाला सांगायला हवं? माझी हौस आहे!"

तेव्हा कुठे मला फळ्यावरची वरची ओळ दिसली. 'जमीन वाचवण्यासाठी ग्रामस्थांची सभा.'

मागून सासरे उठले.

"नाव मी कापलं, जावईबुवा. गावाला कळायला पायजे म्हनून चित्र लावलं. पन तुम्ही पोटासाठी, साहेबाच्या हुकमानं काढलं असंल, असं वाटलं. म्हनून तुमची लाज झाकली. तुम्ही तर आमची वाडी हौसेनं मोडताय!"

मग मी घसा सुकेपर्यंत समजावलं. ही सगळी कल्पना आहे, तसं खाली लिहिलंही होतं, पण नावाबरोबर तेही कापलं गेलं, वगैरे. लोक कपाळाला हात लावून पांगले. सासरे तेवढे थांबले.

"म्हंजे ती लढाई झाली नाय, विमान बनलं नाय, पट्टी व्हनार नाय?"

"नाही."

"पोर सांगत व्हती, तीन महिने घरात कोनी हूं केलं तरी तुम्ही अंगावर धावून जायचे. ते कशासाठी?"

राग तर मला सणसणून आला होता. पण काढायला माझ्याशिवाय दुसरं कोणी उरलंच नव्हतं.